पुरवणीत कंपॉझिटर राहून गेले

मा. संपादक,

स. न. वि. वि.

६ जानेवारीची आपली पत्रकार दिनाची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. बाळशास्त्री जांभेकरांवरचा लेख उत्तम आहे. १८३२ साली ‘दर्पण’ निघालं तेव्हा त्यात इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी-शेजारी छापला जायचा, हे पुष्कळांना माहीत नसतं, ते आपण आवर्जून सांगितलंत. जुने संपादक, त्यांचे अग्रलेख, त्यांच्यावरचे खटले, सगळं आलं. ज्यांच्या हातांनी तो मजकूर शिशाच्या अक्षरांत जुळवून उभा केला, त्या कंपॉझिटरांचा उल्लेख मात्र अख्ख्या पुरवणीत एकदाच आला, आणि तोही गमतीजमतींच्या चौकटीत. कंपॉझिटरला डुलकी लागली आणि मथळ्याचा अनर्थ झाला म्हणे!

माझे आजोबा कंपॉझिटर होते. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात त्यांची उभी हयात गेली, आणि मधली काही वर्षं रात्रपाळीला एका दैनिकातही. पत्र लांबलं आहे. जागेअभावी कात्री लावायची तर खुशाल लावा. मजकूर जागेत बसवण्यातच ज्यांचा जन्म गेला त्यांना त्याचा राग आला नसता.

आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. मूळचे वाईजवळच्या एका खेड्यातले. वडील लवकर गेले, जमिनीचा तुकडा भाऊबंदकीत अडकला, तेव्हा मराठी सातवी झालेल्या या पोराला मामांनी पुण्याला आणलं आणि ओळखीच्या छापखान्यात उमेदवार म्हणून चिकटवून दिलं. सुरुवातीला काम काय, तर फरशीवर सांडलेले खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, वेचायचे, छापून झालेले फर्मे, म्हणजे एकत्र आवळलेली जुळलेली पानं, रॉकेलने धुवायचे आणि मालकांचा चहा आणायचा. जुळणीला हात लावायचा नाही. संध्याकाळी सगळे गेले की नाना केससमोर, म्हणजे खिळ्यांच्या खानेदार पेटीसमोर, उभे राहून घरं पाठ करत. इंग्रजी जुळणीला दोन केसमध्ये भागतं. मराठीला चार मांडाव्या लागत आणि त्यांत शेकडो खाने. क, त, र, न हाताशी. ङ, ञ लांब कोपऱ्यात. जोडाक्षरं वेगळी, अर्धी अक्षरं वेगळी. डिग्री टाइपात तर अक्षराच्या डोक्यावरची मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळे वेगळे चिमुकले खिळे, ते नेमके त्या त्या अक्षरावर बसवायचे. लोकमान्यांनीसुद्धा मराठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला होता, हे नाना मोठ्या अभिमानाने सांगत. त्यात आपलं दुखणं एका थोर माणसाला कळलं होतं याचा आनंद जास्त असावा.

निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासायचं काम करत. ही गोष्ट नाना प्रत्येक नव्या उमेदवाराला ऐकवायचे. ऐकून झालं की पुढचं वाक्य ठरलेलं: ‘तुला जावजी व्हायचं नाही, पण आधी घासायला शीक.’

त्यांना काम करताना मी पुष्कळ पाहिलंय. शाळा सुटली की कधी कधी मी छापखान्यात जाऊन त्यांची वाट बघत बसायची. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, अंगठा शेवटच्या खिळ्यावर. उजवा हात केसकडे जायचा तेव्हा नजर कॉपीवर, म्हणजे जुळवायच्या मजकुराच्या कागदावर, असायची. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. बोटाला ती लागली की खिळा सुलटा की उलटा ते बघावं लागत नाही. अक्षरं आरशात दिसावीत तशी, आणि ओळ वाचायची ती डोकं खाली पाय वर. ओळ भरत आली की मध्ये बारीक-जाड स्पेस घालून ती घट्ट करायची, इतकी की उचलून गॅलीच्या लांबट तबकात ठेवताना एकही खिळा सांडता कामा नये. सगळं पान झालं की भोवती दोरा गुंडाळायचा. दोऱ्याचं टोक नाना अंगठ्याच्या नखाने आत खोचत. त्या नखाला कायमची खाच पडली होती.

या उलट्या वाचनाचा घराला एकदा मोठा फायदा झाला. धाकट्या आत्याचं लग्न ठरवायची बैठक होती. मी अगदी लहान होते, पण हा प्रसंग आमच्याकडे इतक्यांदा सांगितला गेलाय की मला तो पाहिल्यासारखाच वाटतो. मुलाकडची मंडळी सतरंजीवर समोर बसलेली. तोंडाने ‘आमचं काही मागणं नाही, तुम्ही हौसेने काय कराल ते’ चाललेलं. मुलाच्या काकांनी मांडीवर घडीचा कागद उघडून ठेवला होता, बोलता बोलता नजर टाकायला. नाना समोरून पोहे खात होते. पोहे संपवले, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, ‘स्कूटर आम्हाला झेपायची नाही. अंगठीही चार आणे सोन्याच्या वर नाही. तेव्हा आपण इथेच थांबू.’ काकांनी कागद झाकला, पण उशीर झाला होता. माईने, म्हणजे आजीने, नंतर नानांना खूप सुनावलं. स्थळ चांगलं होतं, नोकरी सरकारी होती. आत्याचं लग्न पुढे दोन वर्षांनी झालं, नाशिकला, आणि ती अजून म्हणते की नानांना उलटं वाचता येत होतं म्हणून माझं सगळं सुलटं झालं.

दैनिकातल्या रात्रपाळीची वर्षं म्हणजे संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची वर्षं. दिवसा छापखान्यात लग्नपत्रिका, बिलबुकं, पंचांगाची पानं. घरी येऊन जेवायचं, तासभर आडवं व्हायचं आणि नऊला पुन्हा बाहेर. अडचण खिळ्यांचीच होती. बातम्यांत दर दोन ओळींना ‘महाराष्ट्र’, आणि ‘ष्ट्र’चे खिळे केसमध्ये मोजके. रात्री अकराच्या सुमाराला तो खाना रिकामा व्हायचा. मग छापून झालेल्या मजकुरातून चिमट्याने वेचून काढायचे, नाहीतर शेजारून साखर मागून आणावी तसे पलीकडच्या छापखान्यातून वाटीभर मागून आणायचे. एकदा तेही मिळेनात. नाना कॉपी घेऊन उपसंपादकांकडे गेले आणि म्हणाले, ‘साहेब, दोन ठिकाणी नुसतं ‘आपलं राज्य’ म्हटलं तर चालेल का?’ चाललं. दुसऱ्या दिवशी त्या भाषेत कसा जिव्हाळा आहे म्हणून कोणीतरी कौतुक केलं. १ मे १९६० ला राज्य झालं, तेव्हा नाना म्हणाले होते, आता ‘ष्ट्र’ला जरा विसावा मिळेल. तो काही मिळाला नाही. नव्या राज्याच्या सरकारी जाहिराती सुरू झाल्या.

आता पानशेत. १२ जुलै १९६१, बुधवार. धरण फुटल्याची बातमी पेठांमध्ये आली तेव्हा नाना एक पान बांधत होते. मालकांनी हिशेबाच्या वह्या उचलल्या. नानांनी काय उचललं असेल? जोडाक्षरांचे खिळे! क्ष, ज्ञ, द्ध, ष्ट्र असे अडीनडीचे खाने एका कापडी पिशवीत उपडे केले आणि ती खांद्याला लावून वाड्यावर पळत आले. तिथून माई, विधवा बहीण आक्का आणि पाच पोरांना पुढे घालून पर्वतीच्या बाजूला. माईने हे शेवटपर्यंत ऐकवलं: ‘माझा तांब्याचा हंडा गेला वाहून, आणि यांनी पाच शेर शिसं वाचवलं.’

वाडा पडला. नारायण पेठेतल्या दोन खोल्या, सामायिक नळ, तुळशीवृंदावन, सगळंच गेलं. काही दिवस ही सगळी मंडळी एका शाळेच्या वर्गात राहिली. पाणी ओसरल्यावर नाना छापखान्यात गेले तर आत गुडघाभर गाळ. केस उलथलेल्या. बारा पॉइंट, सोळा पॉइंट, चोवीस पॉइंट, मराठी, इंग्रजी, सगळ्यांची खिचडी होऊन चिखलात रुतलेली. मालकांचा धीर सुटला होता. भंगारवाल्याला बोलवू म्हणाले. नाना म्हणाले, मला थोडी मुदत द्या, पगार नंतर बघू.

मग गाळ पिंपात घालून ढवळायचा, वरचं पाणी ओतायचं, तळाशी राहिलेले खिळे गोणपाटावर वाळवायचे आणि पोत्यात भरून सायकलवरून त्या शाळेत आणायचे. वर्गात सगळं घर गोल करून बसायचं. माझे बाबा तेव्हा आठवीत होते. ते सांगतात, की आधी आकाराप्रमाणे वेगळे करायचे, मग अक्षराप्रमाणे. आक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला नानांनी एकच काम दिलं: ज्यावर नुसता काना आहे ते सगळे या डब्यात. काना झाला, मग र झाला, मग ग. पावसाळा संपेपर्यंत आक्का मुळाक्षरं ओळखायला लागली होती. अर्थात उलटी. पुढे सरळ छापलेलं वाचायला तिला वर्ष लागलं आणि त्यावरून सगळे तिची थट्टा करत. शेजारच्या वर्गातल्या पूरग्रस्तांची पोरंही येऊन बसायची, त्यांना नाना मूठभर फुटाणे देत.

शिसं अंगात भिनतं, पोरांच्या हाती ते देऊ नये, हे तेव्हा कोणाच्या गावीही नव्हतं. खिळ्यांत शिसं, अँटिमनी आणि कथील असतं, एवढं नानांना माहीत होतं. त्यावरचा त्यांचा उपाय म्हणजे घरी आल्यावर राखेने कोपरापर्यंत हात घासायचे, चूळ भरायची आणि गुळाचा खडा तोंडात टाकायचा. हात घासल्याशिवाय त्यांनी कधी नातवंडाला उचललं नाही. दाराशी आम्ही लोंबकळायचो आणि ते दोन्ही हात वर धरून ‘थांबा, थांबा’ करत मोरीकडे जायचे. उतारवयात त्यांना पोटाच्या कळा येत. डॉक्टरांनी आम्लपित्त म्हटलं, आम्हीही तेच म्हटलं.

छापखाना पुन्हा सुरू झाला. आम्हाला गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत घर मिळालं. आता कामाला जायचं म्हणजे सायकलने टेकडीकडून खाली डेक्कन, लकडी पूल आणि नारायण पेठ. येताना सगळा चढ. नाना चढावर उतरून सायकल हातात धरून चालत, आणि हँडलला पिशवी असे. पिशवीत काय आहे हे लांबून ओळखायची आम्हा मुलांची पैज लागायची.

पुरातून सावरतोय तोवर १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम आले. न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’, ‘त्यानें’ यांच्या डोक्यावरची टिंबं उतरली. साहित्यिकांत यावर काय काय वाद झाले ते आपल्यालाच जास्त माहीत. जुळणाऱ्याच्या बाजूने सांगायचं तर एका पानामागे केवढे तरी बारीक खिळे वाचले. नानांना पानामागे पैसे मिळत, म्हणजे हा त्यांचा फायदाच. पण हात ऐकेना. ‘काही’ जुळवताना बोटं आपोआप अनुस्वाराच्या खान्याकडे जायची. शेवटी त्यांनी तो खाना उचलून मागच्या केसमध्ये टाकला आणि त्या जागी स्वल्पविराम भरले. मग काही दिवस त्यांच्या प्रूफात भलतीकडेच स्वल्पविराम सापडत. स्वतःच्या पत्रांत मात्र नानांनी ‘कांहीं’च लिहिलं. आत्याला लिहिलेल्या शेवटच्या कार्डावरही ‘इकडे सर्व कांहीं ठीक’ आहे.

घरातला माणूस म्हणून नाना कसे होते हे सांगायला गेलं तर कामापासून वेगळं काढताच येत नाही. रविवारी सकाळी ते आठवड्याचे तांदूळ निवडून द्यायचे. परात मांडीवर, चष्मा कपाळावर. खडे बघायची गरज नव्हती, बोटांना लागायचे. माई म्हणायची, छापखान्याने मला दिलेली एवढीच एक गोष्ट. आक्कासाठी त्यांनी मालकांकडून फर्मे दुमडायचं काम मागून घेतलं होतं. छापलेले मोठे कागद घरी यायचे, आक्का लाकडी पट्टीने त्यांना घड्या घालायची आणि नाना सायकलवरून गठ्ठा परत न्यायचे. त्याचे पैसे घरखर्चात घ्यायला त्यांनी माईला साफ मनाई केली होती. पोस्टात आक्काच्या नावाने वेगळं पुस्तक काढलं. तिने त्यातून स्वतःच्या पैशांनी काशीयात्रा केली आणि आम्हा प्रत्येक नातीला बांगड्या आणल्या.

आणि दिवाळी अंक! १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाची दिवाळी वाचनाची झाली असं आपण दर वर्षी लिहिता. कंपॉझिटरच्या घरी मात्र भाद्रपदापासून माणूस दिसेनासा व्हायचा. नाना पितृपंधरवड्यात घरच्या श्राद्धाला जेमतेम तासभर यायचे. दसऱ्याला छापखान्यातच ट्रेडल छपाईयंत्राला झेंडूची माळ आणि केसला हळदकुंकू. नरक चतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नानाला बसले की माईने लावलेलं तेल डोक्यावर असतानाच ते झोपत, हे मी बघितलेलं आहे.

पण पिशवीत तेव्हा आमचा खाऊ असे: फर्म्याचे खराब गेलेले कागद. शाई फिकट, नाहीतर कुठे घडी पडून ओळ गेलेली. आक्का ते दुमडून शिवून द्यायची आणि आम्हाला अंक बाजारात यायच्या आधी वाचायला मिळायचा. एका फर्म्यात सोळा पानं. सतराव्या पानावर गोष्ट पुढे गेलेली असायची आणि तो फर्मा आमच्याकडे नसायचा. नायिका जिना चढून वर जाते आणि कागद संपतो. मग जेवताना नानांना विचारायचं, पुढे काय झालं. त्यांनी ती जुळवलेली असेल तर ते सांगत, अगदी मोजकं, लेखकाच्या शब्दांत. पण कॉपी दोघां-तिघांत वाटलेली असायची. शेवटची पानं दुसऱ्याच्या वाट्याला गेली असतील तर नाना आमटीचा भुरका मारून थोडा विचार करत आणि शेवट सांगत. त्यांच्या शेवटात सगळे घरी परत यायचे. मुंबईला पळून गेलेला मुलगा यायचा, रुसलेली सून यायची, एकदा तर बुडालेला नावाडीही आला. मोठी झाल्यावर यांतल्या काही गोष्टी मला ग्रंथालयात पूर्ण सापडल्या. काहींचे शेवट फार वाईट होते. मला अजून नानांचेच बरे वाटतात.

आता त्या डुलकीबद्दल. चुका होत, कशाला नाकारा? छापून झालेला मजकूर सुटा करून खिळे परत आपापल्या खान्यात टाकताना एखादा ‘म’ ‘भ’च्या घरात पडला, की दुसऱ्या दिवशी जुळवणाऱ्याचं बोट बरोबर खान्यात जाऊनही अक्षर चूक येणार. प्रूफात एक अक्षर बदलायला ओळ उकलली की कधी शेजारचं अक्षर निघून यायचं. आणि खरं सांगायचं तर निम्मे अनर्थ शेवटच्या अर्ध्या तासातले. यंत्र सुरू व्हायची वेळ झालेली, फर्मा चेसच्या लोखंडी चौकटीत आवळलेला, आणि आतून चिठ्ठी यायची की तिसऱ्या परिच्छेदातलं अमुक वाक्य काढून तमुक घाला. ते वाक्य लहान-मोठं झालं की खालच्या सगळ्या ओळी हलवायच्या. मालक डोक्यावर उभे, दिवा पिवळा. त्या वेळी जागा असलेला माणूस तो, आणि डुलकी त्याच्याच नावावर!

उलट किती वेळा या लोकांनी मोठ्या मोठ्यांना सांभाळून घेतलं, त्याची चौकट कोण छापणार? अग्रलेखात तारीख चुकलेली, लग्नपत्रिकेत वधू-वरांची आडनावं उलटसुलट झालेली, निधनवार्तेत गेलेल्या माणसाऐवजी कळवणाऱ्याचं नाव आलेलं. नाना कॉपी घेऊन आत जायचे आणि दाराशी उभे राहून विचारायचे, ‘हे असंच ठेवू ना?’ चूक आहे असं कधी म्हणायचे नाहीत. एकदा मी विचारलं, सरळ सांगत का नाही? म्हणाले, ‘अगं, छापली तर चूक माझी, सुधारली तर अक्कल त्यांची. मधल्या मध्ये काम झाल्याशी कारण.’

खिळ्यांची गरज नसलेला ऑफसेट आला, फोटोटाइपसेटिंग आलं. १९८८ साली पुण्यातच सी-डॅक ही सरकारी संगणक-संस्था सुरू झाली, संगणकावर मराठी उमटायला लागलं, आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपास डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवून देणाऱ्या दुकानांच्या, पाट्या लागल्या. आमचा छापखाना त्याच सुमारास बंद झाला. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा, पण तो लागू व्हायला दहा माणसं लागायची. छापखान्यात आठ होती. मालकांनी एक पाकीट, नारळ आणि शाल दिली. मालकही बिचारे कर्जातच होते, त्यांना बोल लावत नाही. सगळे खिळे भंगारात वजनावर गेले, पुरातून धुऊन निवडलेले होते तेसुद्धा. मोजणीच्या वेळी नाना काट्याजवळ उभे राहिले आणि भंगारवाल्याने दांडी मारली तेव्हा त्याच्याशी कडाक्याचं भांडले. वजन मालकाचं होतं, यांना त्यातला छदाम मिळणार नव्हता.

मला वाटलं होतं आता ते खचतील. तसं काही झालं नाही. माझ्या चुलतभावाने कर्ज काढून एक संगणक घेतला आणि घराच्या पुढच्या खोलीत डीटीपीचा धंदा सुरू केला. नाना रोज सकाळी नऊला अंघोळ करून, टोपी घालून त्या खोलीत येऊन बसत. पडद्यावर ‘क’ला वेलांटी आपोआप चिकटते हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा भावाला ते पुन्हा करायला लावलं. मग पुसून परत. मग म्हणाले, ‘ष्ट्र काढ.’ त्याने काढला. ‘अजून काढ. संपत नाही?’ भाऊ म्हणाला, ‘नाही नाना, हवे तेवढे.’ नानांनी त्याला ओळभर ‘ष्ट्र’ काढायला लावले आणि तो कागद छापून घेतला. पुढे सात-आठ वर्षं त्या दुकानाची प्रुफं नानांनीच वाचली, मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रियांनंतरही. गिऱ्हाईक टेबलाच्या पलीकडून कागद दाखवायला लागलं की ते म्हणत, ‘फिरवू नका, दिसतंय.’ १९९७ च्या श्रावणात ते गेले. आदल्या दिवशी एका मंगळागौरीच्या पत्रिकेचं प्रूफ त्यांनी तपासून दिलं होतं. त्यात तीन दुरुस्त्या आहेत.

आपल्याला विनंती एवढीच, की पुढच्या ६ जानेवारीला एक पान या लोकांना द्या. हाताने खिळे जुळवलेली माणसं पेठांमध्ये, कोल्हापूरला, साताऱ्याला, सोलापूरला अजून असतील. सत्तरी-ऐंशीच्या घरातली. कॅमेरा घेऊन त्यांच्याकडे जा, त्यांच्या बोटांना विचारा. त्यांच्या बायकांनाही विचारा, फर्मे कोण दुमडायचं. आपल्या स्वतःच्या दैनिकाच्या जुन्या हजेरीपटात त्यांची नावं निघतील, तीही छापा. आमच्याकडे नानांची स्टिक आहे, एक चिमटा आहे आणि पानशेतच्या त्या कापडी पिशवीतले मूठभर खिळे आहेत. छायाचित्रासाठी देईन, पण मोजून देईन आणि मोजून परत घेईन. मोजायची सवय घरचीच आहे.

माझं नाव-पत्ता सोबतच्या चिठ्ठीत दिला आहे, तो छापू नये. नानांचं नाव कुठल्याच पानावर कधी आलं नाही, त्यांच्या आधी माझं यायला नको.

आपली,
एक जुनी वाचक,
पुणे

ता. क. पुरवणीच्या पहिल्याच पानावर मोठ्या मथळ्यात ‘मराठी पत्रकारीता’ असं छापलं आहे. ‘रि’ ऱ्हस्व हवी. आपल्याकडे आता कंपॉझिटर नाहीत, तेव्हा ही डुलकी कोणाच्या नावावर टाकायची ते आपणच ठरवा.